तिसरा रकाना



विज्ञानाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास असतो. दोन रकाने आखायचे, पाठ केलेले मुद्दे लिहायचे आणि गुण मिळवायचे. माझ्या मते तुलना एवढ्यावर थांबू नये.

उदाहरणादाखल समुद्रातला महाकाय मँटा हा पाकट मासा आणि आपल्या माळव्यातले मुंगूस घेऊ. मुंगसाला हिंदीत नेवला म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव मात्र मराठीतूनच गेलेले आहे. मँटाची रुंदी ७ मीटरपर्यंत भरते, मुंगूस शेपटी सोडून जेमतेम हातभर. मँटाचा सांगाडा कूर्चेचा, श्वास कल्ल्यांनी; मुंगसाचा सांगाडा हाडांचा, श्वास फुप्फुसांनी. एवढा अवाढव्य मँटा पाण्यातले बारीक प्लवक गाळून खातो आणि इवलेसे मुंगूस उंदीर-साप मारते. दोन्ही रकाने भरले, गुणही मिळाले.

आता तिसरा रकाना आखा : ‘माणसाने काय केले?’ मँटाला त्याच्या कल्ल्यांतील गाळणीच्या पट्ट्यांसाठी मारतात, कारण काही देशांत त्या औषधी समजून विकल्या जातात. मुंगसाला मारतात ते केसांसाठी, त्यांचे रंगकामाचे ब्रश होतात. शरीराच्या एका लहानशा भागासाठी अख्खा जीव जातो, हे दोघांतले साम्य. मँटाची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाढवते आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. मुंगसाला दोन-चार पिल्ले होतात. म्हणजे मँटाची हानी भरून निघणे फारच कठीण. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय २०१३ मध्ये झाला.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण ब्रश आपल्या दप्तरात आहे. मुंगसाच्या केसांचा ब्रश विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरीही असे ब्रश चोरून बनतात व विकले जातात. म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती की, चित्रकलेच्या साहित्याच्या यादीत ‘कृत्रिम तंतूंचा ब्रश’ असे स्पष्ट लिहावे. पालकांनी दुकानात ‘हे केस कशाचे?’ असे विचारूनच ब्रश घ्यावा. शिक्षकांनी तिसऱ्या रकान्यालाही गुण ठेवावेत.

परीक्षेत दोन रकाने पुरतील, पण चांगला नागरिक घडण्यासाठी तिसराही भरावा लागेल.

— प्राचार्य