फुकट तिकिटाचा जमाखर्च

अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा रविवारच्या फोनवर सांगतो की नवी मोटार ठरली. ताबा घेण्यासाठी मात्र स्वीडनला जायचे आहे, आणि जाण्यायेण्याची दोन विमानतिकिटे कंपनीच देणार आहे. इकडे पेढीवर बसलेल्या वडिलांच्या मनात उमटणारा पहिला प्रश्न मोटारीविषयी नसतो, 'फुकट' या शब्दाविषयी असतो. ज्याने जन्मभर मालाची घेवाण-देवाण केली त्याला पक्के ठाऊक असते की कोणताही विक्रेता पदरचे तिकीट काढून देत नाही. ते कोणत्या ना कोणत्या खात्यावर नावे पडलेलेच असते. मुलगा फसतो आहे की शहाणपणाचा सौदा करतो आहे, हे ते खाते सापडल्याशिवाय कळणार नाही.

प्रकार तसा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकन प्रवासी युरोपात जाऊन नवी मोटार विकत घेत, तीच घेऊन सुट्टीभर भटकत आणि परतताना ती जहाजावर चढवून घरी धाडीत. पुढे कंपन्यांनी याची रीतसर योजना केली. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे आणि स्वीडनची व्होल्व्हो या साऱ्यांनी ती चालविली. मोटार ठरवायची अमेरिकेतल्या नेहमीच्या डीलरकडे, रंग आणि सामग्री निवडायची, पैसे भरायचे, तारीख घ्यायची आणि त्या दिवशी कारखान्याच्या दारात उभे राहायचे. मोटार अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बांधलेली असते. तिच्यावर युरोपातल्या प्रवासापुरता तात्पुरता क्रमांक असतो. जर्मनीत अशा पाटीच्या उजव्या कडेला लाल पट्टा असून त्यावर मुदत संपण्याची तारीख लिहिलेली असते, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते.

व्होल्व्होची योजना यांत सर्वांत सढळ मानली गेली. किमतीत सवलत, दोन माणसांची तिकिटे, गोथेनबर्ग शहरात एका रात्रीचा मुक्काम, पंधरा दिवसांचा विमा आणि मोटार घरापर्यंत पोचविण्याचे जहाजभाडे, हे सारे तिच्यात येई. गोथेनबर्ग हे स्वीडनचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. स्वीडिश माणसे त्याचा उच्चार 'योतेबोरी' असा काहीसा करतात. व्होल्व्होची पहिली मोटार १९२७ साली येथेच तयार झाली आणि शहराबाहेरचा टोर्सलांडा येथील मोठा कारखाना १९६४ साली सुरू झाला. पाहुण्यांना कारखान्यातून हिंडविण्यासाठी डब्यांची एक निळी गाडी असते. पत्र्याचे सांगाडे जोडणारे यंत्रबाहू आणि पुढे सरकत जाणारी मोटारींची रांग त्या गाडीत बसूनच पाहावयाची. नंतर किल्ली हातात येते. जर्मनीतल्या म्युनिक शहरात बीएमडब्ल्यूने २००७ साली याच कामासाठी एक भव्य इमारत उभारली. तेथे ग्राहक जिन्यावरून खाली उतरत असताना त्याची मोटार दिव्यांच्या झोतात एका फिरत्या चौथऱ्यावर गोल फिरताना दिसते. फोक्सवागेनच्या वोल्फ्सबुर्गमध्ये तर काचेचे दोन मनोरे आहेत, प्रत्येकी ४८ मीटर उंच. एकेकात चारशे मोटारी मावतात, आणि त्या यंत्राने उतरवून आणल्या जातात. जर्मन ग्राहकाला कारखान्यावर जाऊन मोटार आणणे यात विशेष काही वाटतही नाही.

आता त्या खात्याकडे वळावे. अमेरिकेत मोटारविक्रीची रीत अशी की डीलरच्या आवारात शेकडो मोटारी तयार उभ्या असतात आणि ग्राहक त्यांतली एक उचलून नेतो. हा उभा माल डीलरने कर्ज काढून आणलेला असतो. मोटार विकली जाईपर्यंत व्याज चालू राहते, जागेचे भाडे चालू राहते, ऊन-पाऊस-बर्फही चालूच राहतो. कारखान्यावर ताबा घेणारा ग्राहक यांतले काहीच अंगावर येऊ देत नाही. त्याची मोटार तयार होण्याआधीच विकलेली असते. पैसे आधी येतात, माल मागाहून जातो, गोदामात एक दिवसही पडून राहत नाही. ज्या पेढीने कधी न खपलेल्या मालाचे व्याज भरले आहे तिला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. तिकिटाचे पैसे येथून निघतात. शिवाय निर्यातीचा व्यवहार म्हणून स्वीडनचा २५ टक्के किंवा जर्मनीचा १९ टक्के मूल्यवर्धित कर ग्राहकाला लागत नाही. अमेरिकेतल्या राज्याचा विक्रीकर मात्र घरी नोंदणी करताना भरावाच लागतो. आणखी एक खाते जाहिरातीचे. कारखाना पाहून आलेला माणूस पुढची दहा वर्षे नातलगांना आणि मित्रांना तीच हकीकत सांगत राहतो.

तेव्हा सौदा खोटा नाही. पण मुलाचा फायदा होतो की नाही, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. समजा, मोटारीची किंमत ६०,००० डॉलर आहे आणि सवलत सहा टक्के, म्हणजे ३,६०० डॉलर. तिकिटांचे २,००० धरले तर जमेच्या बाजूला ५,६०० झाले. नावे बाजूला काय? मोटार युरोपात परत सोपविल्यावर घरी पोचायला साधारण दीड-दोन महिने जातात. साठ हजारांवर वर्षाला सहा टक्क्यांनी दोन महिन्यांचे व्याज ६०० डॉलर होते. कर्ज काढले असेल तर मोटार समुद्रात असतानाच हप्ते सुरू होऊ शकतात, आणि तोवर कामावर जायला जुनी मोटार सांभाळावी लागते, तिचा विमाही भरावा लागतो. दोन मुले बरोबर असतील तर त्यांची तिकिटे घरची; तेथे २,००० गेले. सात-आठ रात्रींचे हॉटेल, जेवणखाण आणि पेट्रोल मिळून आणखी अडीच हजार. उरले केवळ पाचशे! म्हणजे युरोपची सुट्टी ज्याला मुळातच करायची होती त्याची सुट्टी जवळजवळ विनाखर्च झाली. ज्याला करायची नव्हती त्याने पाचशे डॉलर वाचविण्यासाठी दहा दिवसांची रजा घालविली. त्यात महिनाअखेरीस आवारातला माल हलविण्यासाठी डीलर कधी कधी एवढी, क्वचित याहून अधिकही सूट देतो. ती विचारल्याशिवाय सहा टक्क्यांना सवलत म्हणणे म्हणजे एकाच दुकानात भाव विचारून कापड घेण्यासारखे आहे.

मागणीप्रमाणे मोटार बांधून घेण्यात जैन घरांच्या दृष्टीने एक खरा लाभ मात्र आहे. आवारात तयार उभ्या असलेल्या महागड्या मोटारींची आसने बहुधा चामड्याची असतात आणि तीच गळ्यात मारली जातात. मागणी नोंदविताना मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींत चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम कापड निवडता येते. व्होल्व्होने तर २०२१ साली जाहीर केले की तिच्या नव्या, पूर्णतः विजेवर चालणाऱ्या मोटारींत चामडे असणार नाही. परंतु येथेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आसने कृत्रिम असली तरी सुकाणूचे चाक पुष्कळदा खऱ्या चामड्याने मढविलेले असते, गिअरच्या दांड्याची मूठही तशीच. मागणीपत्रकात आसनांची ओळ वेगळी आणि चाकाची वेगळी. दुसरी वाचायची राहिली की रोज हात कशावर ठेवायचा ते आपोआप ठरून जाते.

प्रवासातल्या लहानसहान गोष्टी थोडक्यात. कारखान्यातल्या पाहुण्यांच्या जेवणात स्वीडिश पद्धतीचे मांसाचे गोळे ही प्रसिद्ध गोष्ट आहे, तेव्हा शाकाहाराचे आधी लेखी कळवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जून महिन्यात गोथेनबर्ग फारच सोयीचे. तेथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरात तो साडेतीनच्या आतबाहेरच जातो, आणि डिसेंबर ते मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर बर्फाळी टायर लावणे तेथे कायद्याने सक्तीचे आहे. इटलीपर्यंत जाणाऱ्यांनी जुन्या शहरांतली बंदी असलेली क्षेत्रे सांभाळावीत. कॅमेऱ्याने टिपलेल्या दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येऊन पडते. जर्मनीतल्या वेगमर्यादा नसलेल्या महामार्गाचे स्वप्न घेऊन जाणाऱ्यांना मोटारीसोबतची पुस्तिकाच आवरते, कारण इंजिन रुळेपर्यंत, म्हणजे पहिले सुमारे २,००० किलोमीटर, ते ताणू नये असे तीत लिहिलेले असते. मोटार परत देण्यापूर्वी खालची बाजूही धुवून घ्यावी लागते. परदेशी माती लागलेली मोटार अमेरिकेचे सीमाशुल्क खाते आत घेत नाही.

ही योजना सर्व मोटारींना लागू होत नाही आणि कायमची राहील असेही नाही. मोटार युरोपात बनत असेल तरच तिचा ताबा युरोपात. बीएमडब्ल्यूची एक्स५ ही मोटार अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात बनते आणि तेथून जर्मनीला जाते; अमेरिकन ग्राहकाने ती घ्यायला म्युनिकला जाण्यात अर्थच नाही. व्होल्व्होनेही २०१८ साली त्याच राज्यात कारखाना काढून एस६० तेथे बनवायला घेतली. बीएमडब्ल्यूने अमेरिकन ग्राहकांसाठीची योजना २०२० साली बंदच केली. नंतर आयातशुल्काचा घोळ आला. मोटारींवर वर्षानुवर्षे २.५ टक्के असलेले अमेरिकेचे शुल्क २०२५ च्या एप्रिलात एकदम २७.५ वर गेले आणि युरोपीय संघाशी झालेल्या समझोत्यानंतर १५ वर आले. मागणी नोंदविल्यापासून ताबा घेईपर्यंत काही महिने जातात. मध्येच शुल्क वाढले तर ते कोणी सोसायचे, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही.

या साऱ्याहून गंभीर बाब डीलर सांगत नाही. ती त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण त्याचे बहुतेक ग्राहक अमेरिकन नागरिक असतात. भारतीय पासपोर्टवर स्वीडन किंवा जर्मनीला जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी अर्ज व्हावा लागतो. हे अजून सोपे. खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. एच-१बी वर नोकरी करणाऱ्याची मुदत अमेरिकेत असतानाच वाढवून मिळते, तिची मंजुरीची चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठीवर राहणे व काम करणे कायदेशीर असते. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मात्र जुनाच राहतो, पुष्कळदा मुदत संपलेला. देशात आहे तोवर काही बिघडत नाही. परंतु एकदा युरोपात पाऊल टाकले की त्या संपलेल्या शिक्क्यावर परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या थोड्या दिवसांच्या फेरीला आहे तशी सूट स्वीडनला नाही. मग नव्या शिक्क्यासाठी भारतात येऊन अमेरिकन वकिलातीत वेळ मागायची आणि ती मिळेपर्यंत रांगेत उभे राहायचे. मोटार दीड-दोन महिन्यांत सुखरूप घरी पोचेल आणि मालक पोचलेला नसेल, नोकरी टांगणीला लागलेली असेल! ग्रीन कार्ड असलेल्याला ही भीती नाही. ज्याच्या शिक्क्याची मुदत उरली आहे त्यालाही नाही.

उरला प्रश्न इकडच्या मंडळींचा. अशी एखादी मोटार आपल्यासाठीही मुलाने पाठवावी, ही कल्पना जेवणाच्या पानावर हमखास निघते. ती निघताक्षणीच सोडून द्यावी. भारतात नवी म्हणून आणायची मोटार आधी कोणत्याही देशात नोंदविलेली वा विकलेली असता कामा नये, आणि तिचे सुकाणू उजवीकडे असले पाहिजे, असा आयातीचा नियम आहे. कारखान्यावर ताबा घेतलेल्या मोटारीला तात्पुरता का होईना, क्रमांक पडलेला असतो; तेथेच ती कागदोपत्री जुनी झाली. अमेरिकेसाठी बांधलेली असल्याने सुकाणूही डावीकडे. वर इकडचे सीमाशुल्क व इतर कर असे असतात की तेथली तीन-चार हजारांची बचत त्यात दिसूनही येणार नाही.

वडिलांना हवे असेल तर ते मुंबईहून स्वतःच्या खर्चाने गोथेनबर्गला जाऊन मुलाच्या शेजारच्या आसनावर बसू शकतात. दोन फुकट तिकिटे अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी आहेत. पण तो बेत पुढचा. त्याआधी एक फोन करायचा आहे, आणि त्या फोनवर मोटारीचा रंग विचारायचा नाही. मुलाने पासपोर्ट कपाटातून काढून व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख वाचून दाखवायची आहे.