इंडेक्सचा हट्ट सोडा

‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी किती? गो भाषेला विचारलं तर २४, जावाला आणि पायथनला विचारलं तर ८. शाळेतलं पोर ३ म्हणेल, आणि आमच्या मते पोराचंच खरं. युनिकोडच्या नियमांना मात्र हे मान्य व्हायला २०२३ साल आणि १५.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. तोवर त्यांच्या लेखी या शब्दात पाच अक्षरं होती.

मग स्ट्रिंग साठवताना आपण कुणाची सोय पाहतो? पायथन ३.३ ने २०१२ मध्ये हुशार तोड काढली: मजकुरातला सर्वांत मोठा कोड पॉइंट बघायचा आणि त्या मापाने सगळ्यांना एक, दोन किंवा चार बाइट द्यायचे. त्यामुळे हवा तो कोड पॉइंट तत्काळ हाती येतो. पण लाखभर कोड पॉइंटचा मराठी मजकूर दोन लाख बाइटांत बसलेला असताना शेवटी एक हसरा इमोजी जोडला, की नवी स्ट्रिंग चार लाखांवर. एवढं मोजून हाती काय येतं? कधी नुसती वेलांटी, कधी सुटा हलन्त.

यूटीएफ-८ वर आपली तक्रार जुनी आहे आणि रास्तही. देवनागरीला तिथे तीन बाइट लागतात, यूटीएफ-१६ मध्ये दोन. स्विफ्ट ५ ने २०१९ मध्ये यूटीएफ-८ स्वीकारलं. ६४-बिट यंत्रावर पंधरा बाइटांपर्यंतची स्ट्रिंग वेगळी मेमरी न मागता जागच्या जागी राहते. इंग्रजीची पंधरा अक्षरं त्यात बसतात, आपले पाचच कोड पॉइंट. ‘पुणे’ मावतं, ‘नागपूर’ला हीप गाठावा लागतो!

तरीही आमचा कौल यूटीएफ-८ लाच. जेसनमधल्या की, एचटीएमएलचे टॅग, स्पेस हे सारं एकेका बाइटात येतं, आणि फाइल किंवा नेटवर्कवरून आलेला मजकूर रूपांतराविना, फक्त तपासून वापरता येतो. स्ट्रिंगला पूर्णांकाने इंडेक्सच करू न देणारी रस्ट आम्हाला या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटते. अपवाद एकच: दिवसभर जावाशी किंवा विंडोजच्या एपीआयशी देवघेव असेल, तर प्रत्येक कॉलला रूपांतर करण्यापेक्षा यूटीएफ-१६ परवडतं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, लांबी देणाऱ्या फंक्शनच्या नावातच ती बाइटांची की कोड पॉइंटची हे सांगा. आणि ती वापरणाऱ्यांनो, नाव ठरावीक लांबीवर कापणारा तुमचा कोड आजच उघडा आणि त्याला ‘लक्ष्मी’ देऊन बघा.