भाचीचा अॅम्प्लिफायर

गेल्या मे महिन्यात एका रात्री साडेनऊला कामरेजहून अक्काचा फोन आला. अक्का एरवी फोनवर मराठी-कानडी मिसळून बोलते. घरातल्यांनी ऐकू नये असे काही असले की मात्र पूर्ण कानडीत शिरते, कारण दाजी इचलकरंजीचे, त्यांना 'बा' आणि 'होगू' यांच्या पुढे कानडी येत नाही. त्या रात्री ती दहा मिनिटे निव्वळ कानडीत बोलली. मी ओळखले, दाजी शेजारच्या खोलीत आहेत आणि प्रकरण नाजूक आहे.

प्रकरण असे होते. माझी भाची गेली चार वर्षे गिटार वाजवते. तिला ब्लूज आणि जुने रॉक लागते, म्हणजे बी. बी. किंग, बडी गाय, लेड झेपलिन, डीप पर्पल. शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले होते आणि लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना १०० वॅटचा अॅम्प्लिफायर स्वस्तात घ्यायचे ठरवले होते. दाजी माग-कारखान्यात जॉबर. आठवड्याआड रात्रपाळी. बारा तास मागांच्या खडखडाटात काढून सकाळी घरी येतात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. ते म्हणाले, "ते खोकं तरी घरात राहील, नाहीतर मी." अक्का मला म्हणाली, "तम्मा, तू व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचास ना? तूच ये आणि काय ते सांग."

आता मी गिटारवाला नव्हे. भजनात पेटी धरतो, एवढाच माझा संगीताशी संबंध. पण निपाणीत काकांच्या रेडिओच्या दुकानात माझी दहा वर्षे गेली आणि गिटारचा जुन्या पद्धतीचा अॅम्प्लिफायर म्हणजे त्याच रेडिओचा मोठा भाऊ. ज्या ईएल-८४ व्हॉल्व्हवर आपल्या घरातले कित्येक जुने रेडिओ गायचे, तसेच चार व्हॉल्व्ह बीटल्सच्या व्हॉक्स एसी-३० मध्ये असत.

रात्रीच्या गाडीने निघालो. निपाणीवरून जाणारा हमरस्ता पूर्वी ४ नंबरचा आणि कामरेजचा ८ नंबरचा होता. आता नवीन क्रमांकात दोन्ही मिळून एकच ४८ नंबर झाला आहे. अक्काचे लग्न झाले तेव्हा आई म्हणाली होती, पोरगी फार लांब दिली. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते, आपल्याच रस्त्यावर आहे की. 

घरात गेलो तर कपाटावर अक्काचा मिरजेचा तंबोरा, खोळ घातलेला. अक्का लग्नाआधी आठ वर्षे गाणे शिकली होती. सुरतेला आल्यावर पहिली काही वर्षे एका खोलीत काढली. रात्रपाळीहून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून तिने तंबोऱ्यावर खोळ चढवली ती चढवलीच. यावर ती कधी तक्रार करत नाही. पण त्या रात्री फोनवर ती पूर्ण कानडीत का बोलत होती, ते मला तो तंबोरा पाहून कळले.

भाचीला मी पहिला प्रश्न विचारला, १०० वॅट कशाला? ती म्हणाली, "मामा, मोठ्यात खरा आवाज येतो." इथेच बहुतेकांची गफलत होते. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, कानाला 'जरा वाढला' एवढेच जाणवते. दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे १०० वॅटचा अॅम्प्लिफायर १० वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटेल. मग १०० वॅट होते कशासाठी? मोठ्या मंचावर आवाज न फाटता, स्वच्छ राहून लांब जावा यासाठी. आणि ब्लूज-रॉकवाल्यांना नेमका काय हवा? फाटलेला आवाज!

हे तिला पटेना. मग मी कपाटावरचा तंबोरा खाली काढला. खोळ काढताना अक्का दारात येऊन उभी राहिली, पण काही बोलली नाही. तारा जुन्या होत्या, तरी दोन लागल्या. घोडीवर तारेखालचा दोरा बाजूला सरकवून छेडले, तर आवाज कोरडा, 'टण्' करून संपणारा. दोरा हळूहळू जागेवर आणला आणि एका ठिकाणी तार एकदम बोलू लागली. जवारी खुलली म्हणतात ती हीच. तार घोडीच्या किंचित गोलाईला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर झंकारतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम हाताने घासून करतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीच्या टोकाला नेला की काहीसे असेच होते. यंत्र वेगळे, पण कानाला मिळणारी वस्तू तीच. स्वराच्या लाटेचे शेंडे तो एकदम कापत नाही, गोलसर दाबतो, आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यातून निर्माण होतात. हलके छेडा, आवाज स्वच्छ. जोरात छेडा, तो फुटतो, वयात येणाऱ्या मुलाचा फुटतो तसा. ब्लूजला हा अर्धा फुटलेला आवाज लागतो, जुन्या रॉकला पाऊण. आणि १०० वॅटच्या यंत्राला त्या टोकाला न्यायचे म्हणजे कामरेजच्या रो-हाउसमधल्या भिंतीवरच्या तसबिरी खाली यायच्या. हळू वाजवला तर तो फुटणारच नाही. दोरा नसलेला तंबोरा नुसता!

भाची बराच वेळ तो दोरा मागेपुढे करत बसली. नंतर म्हणाली, "म्हणजे लहान घ्यायचा."

होय, लहान. आणि मोठमोठ्यांनीही लहानच वापरले आहेत. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या 'लायला' या अल्बमसाठी फेंडरचा चॅम्प वापरल्याचे सांगतात. चॅम्प म्हणजे अवघ्या पाचेक वॅटची पेटी. रॉकचा प्रसिद्ध मार्शल आवाजही मूळचा उसनाच. लंडनमधले जिम मार्शल ढोल-ताशांचे, म्हणजे ड्रमचे दुकान चालवत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या माणसांनी अमेरिकेतल्या फेंडर बासमन या अॅम्प्लिफायरची मांडणी समोर ठेवून, मिळतील ते भाग घालून जेटीएम-४५ बनवला. भाग बदलले, आवाज बदलला, आणि नवे घराणे जन्माला आले. बडी गाय मूळच्या बासमनवर ब्लूज वाजवत, इंग्रज पोरे त्याच्या या धाकट्या भावावर रॉक. तेव्हा ब्लूज की रॉक या प्रश्नावर फार डोके शिणवू नये. फेंडर घराणे मधल्या पट्टीत जरा मोकळे, मार्शल तिथेच भरदार, व्हॉक्स वरच्या पट्टीत किणकिणते. एवढे कळले तरी पुष्कळ.

माझे मन व्हॉल्व्हकडे ओढ घेत होते, हे कबूल करतो. काचेतली ती तांबूस तार दिसली की मला अजून काकांचे दुकान आठवते. पण पाच वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरसुद्धा पूर्ण उघडला तर शेजारी दार वाजवतोच. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, आणि पाच वॅटची पेटी ती सहज ओलांडते. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. स्पीकर न जोडता चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि व्हॉल्व्हशिवाय ब्लूज नाही, असे म्हणणाऱ्यांना एक सांगावे, की खुद्द बी. बी. किंग अनेक वर्षे लॅब सिरीज एल-५ या ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरवर वाजवत. आवाज बोटांतही असतो.

खरेदीआधी घरातली वीज पाहिली, आणि बरे झाले पाहिली. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने अमेरिकेहून माझ्या मुलासाठी छोटा अॅम्प्लिफायर आणला होता. मी, दहा वर्षे रेडिओ उघडलेला माणूस, मागचे लेबल न वाचता पिन बदलून तो लावला. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. दुसऱ्या मिनिटाला धूर. परदेशातून कुणी आणत असेल तर आधी ते लेबल वाचा. १२० चा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो ओझ्याला पुरून उरणारा हवा.

कामरेजला वेगळेच निघाले. प्लगला तीन भोके होती, पण टेस्ट लँप लावून पाहिले तर अर्थिंगचे भोक नुसते शोभेचे. आत वायरच नव्हती. गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटेही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सी इथे मंचावरच गेला, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून. हे मी दाजींना सांगितले. त्यांनी काही न बोलता फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत वायरमन येऊन पूर्ण घराचे अर्थिंग करून गेला. "मिक्सरला पण मुंग्या येत होत्याच," दाजी म्हणाले. दहा वर्षे येत होत्या म्हणे!

तोवर ऑर्केस्ट्रावाल्याला नाही सांगून झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेची फ्लाइंग राणी पकडून मी आणि भाची मुंबईला गेलो. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत तिने स्वतःची गिटार लावून पाहिली. दुकानातली महागडी गिटार लावून पाहिली की सगळेच अॅम्प्लिफायर गोड लागतात, आणि घरी आल्यावर आपली गिटार रडते. मी तिला एवढेच सांगितले, की सगळी बटणे मध्यावर ठेव, नकली घुमारा बंद कर आणि गिटारवरचे आवाजाचे बटण कमी-जास्त करून बघ. बटण कमी केल्यावर फुटलेला आवाज स्वच्छ होतो का? होत असेल तर तो बोटांचे ऐकतो. आठ इंची स्पीकरच्या पेट्या डब्यात बसून बोलल्यासारख्या वाटल्या. बारा इंचीत छाती होती.

एका छोट्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवर ती पंधरा मिनिटे वाजवत राहिली. उठताना तिचा चेहरा बघवेना. मी हिशेब करत होतो, की मी थोडे पैसे घातले तर? पण दाजींची झोप पैशाने विकत मिळणारी नव्हती. शेवटी बॉसचा काटाना ५० घेतला. व्हॉल्व्हच्या वागण्याची नक्कल करणारा, बारा इंची स्पीकरचा. त्यावर ताकदीचे बटण आहे, ५० वॅट, २५ वॅट आणि अर्धा वॅट. अर्ध्या वॅटवर तो बंद खोलीत फुटतो, ५० वर कॉलेजच्या मंचाला पुरतो, आणि हेडफोनही लागतो. व्हॉल्व्हची नक्कल ती नक्कलच, माझ्या कानाला फरक कळतो. पण जो अॅम्प्लिफायर रोज वाजतो तो, कपाटावर ठेवलेल्यापेक्षा बरा.

रात्री घरी आलो तर दाजी पाळीला निघायच्या बेतात. भाचीने अर्ध्या वॅटवर ठेवून पाच मिनिटे संथ ब्लूज वाजवले. दाजी चप्पल घालता घालता थांबले. चार वर्षे ती हेडफोन लावून वाजवत होती, त्यांनी तिला कधी ऐकलेच नव्हते. म्हणाले, "हा आवाज मागाला तेल कमी पडल्यावर येतो तसला आहे. पण बरा आहे." अक्का आतून म्हणाली, "साकु, साकु, पाळीला उशीर होईल."

ठरले असे, की दाजी दिवसपाळीला असतील त्या आठवड्यात संध्याकाळी सहा ते आठ, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ते कामावर गेल्यानंतर दहापर्यंत. निघताना मी अक्काला विचारले, तंबोऱ्याला नव्या तारा पाठवू का? ती म्हणाली, "पाठव. दोरा पण पाठव, हिने हरवला."

मिरजेला गेलो की दोन्ही घेणार आहे.