सुईतून बीज येत नाही



मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. आपल्या सेनगाव भागातली माणसंही तिथल्या जनावरांच्या बाजारात जातात. कोणी लाल कंधारी गोऱ्हा बघतो, कोणी देवणी, कोणी घोडा. हौसेचा घोडा असो की गावच्या गायींसाठी घेतलेला वळू, त्यात गुंततो तो पैसा कापूस-ज्वारीच्या घामाचा असतो. मग जनावर घरी येतं आणि मादीकडे बघत नाही. किंवा बघतं, पण गाय उलटते, घोडी फळत नाही. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला : "ताकदीची सुई मारा."

ही ताकदीची सुई म्हणजे बहुतेक वेळा नराचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच जातीचं औषध. माझं म्हणणं स्पष्ट आहे. बीजासाठी ठेवलेल्या नराला ही सुई देणं म्हणजे पेरणीआधी बियाणं भाजून घेणं.

असं का, ते समजून घ्या. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची छोटी ग्रंथी आहे. तिचा निरोप वृषणाला पोचतो, तेव्हा तिथं हार्मोन तयार होतं आणि त्याच्या जोरावर बीज तयार होतं. वृषणाच्या आत या हार्मोनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं. बाहेरून सुई दिली की रक्तातलं प्रमाण वाढतं. मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि तो निरोप थांबवतो. मग वृषणातलं काम मंदावतं, वृषण आकसतं. वरून मान भरलेली दिसते, अंगावर मांस चढतं, जनावर मस्तीत येतं. आतला कारखाना मात्र बंद पडत जातो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विद्यापीठात तरुण घोड्यांना मांस वाढवणारी अशी औषधं देऊन तपासलं गेलं. १९८२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हाच होता : वृषणाची वाढ आणि बीजाचं उत्पादन, दोन्ही घटलं.

यात आणखी एक फसगत आहे. घोड्याचं बीज तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात, वळूचं ६१. त्यानंतर ते पक्व व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणजे आज दिलेल्या सुईचं नुकसान पुरतं कळतं दोन महिन्यांनी. त्यात घोडा हे लांब दिवसांत फळणारं जनावर. हिवाळ्यात त्याचं बीज आणि इच्छा दोन्ही काही प्रमाणात कमी होतात. माळेगावहून आणलेला घोडा पौषात थंड वाटला, तर तो निसर्गाचा क्रम असू शकतो. पण आपण घाईनं सुई देतो, आणि फाल्गुन-चैत्रात घोडी माजावर येते तेव्हा घोड्यात बीज उरलेलं नसतं.

सगळीच हार्मोन वाईट, असं मी म्हणत नाही. पीयूषिकेला जागं करणारं जी.एन.आर.एच. नावाचं हार्मोन आहे. घोडी दाखवण्याआधी तासा-दोन तासांनी ते दिलं तर काही मंद घोड्यांची इच्छा वाढते. पण इच्छा वेगळी आणि बीज वेगळं. वृषणच खराब झालं असेल तर कोणतीही सुई त्यात बीज भरत नाही. आणि हे औषध द्यायचं की नाही, ते जनावर तपासून डॉक्टरनं ठरवायचं, दुकानदारानं नाही.

मग नर नापीक का होतो? कारणं बहुधा आपल्या गोठ्यातच सापडतात.

पहिलं ऊन. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावं लागतं. वैशाखात पत्र्याखाली बांधलेल्या वळूचं बीज पुढे दोन महिने बिघडलेलं राहतं. तापाचंही तेच. गोमाशीपासून होणारा सर्रा हा रोग घोड्याला झाला तर आधी त्याचा इलाज करा.

दुसरा कडबा. जुन्या वाळल्या कडब्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि त्यावाचून बीज धड होत नाही. नराला रोज थोडा तरी हिरवा चारा हवा.

तिसरी सरकी. हे आपण कापूसवाल्यांनी नीट ऐकावं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात, त्यावरून पुढे १९७० च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीचे प्रयोग झाले. कच्ची सरकी भरपूर खाणाऱ्या तरुण वळूंच्या बीजातही दोष दिसले आहेत. खच्ची केलेल्या बैलाला बीजाची चिंता नाही, म्हणून बैलाची सवय वळूला लावू नका. त्याला सोयाबीनची किंवा करडईची पेंड द्या.

आता हिशेब करा. गाय एकदा उलटली की २१ दिवस गेले. तीनदा उलटली तर दोन महिन्यांचं दूध गेलं आणि खाणं मात्र चालूच. एक गाय नापीक निघाली तर एका घराचं नुकसान. वळू नापीक निघाला तर साऱ्या गावाचं. रेत केंद्रावरच्या वळूंचं बीज आणि रक्त ठरावीक काळानं तपासलं जातं. मग गावच्या वळूनं काय पाप केलं?

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत दोन मागण्यांचा ठराव व्हावा. एक, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्षातून दोनदा वळू-घोडे तपासणीचा दिवस ठेवावा : वृषणाचं माप, सूक्ष्मदर्शकाखाली बीज, आणि वळूची सांसर्गिक गर्भपातासाठी व घोड्याची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी. दोन, माळेगावच्या पशुप्रदर्शनात बीजतपासणीच्या दाखल्याशिवाय पैदाशीच्या नराला बक्षीस देऊ नये. नुसत्या भरलेल्या मानेला बक्षीस मिळत राहिलं, तर मान भरणाऱ्या सुयाच खपत राहतील.

ठराव मंजूर होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. नर विकत घेताना सौद्याच्या कागदावर लिहून घ्या, की गेल्या तीन महिन्यांत त्याला हार्मोनची सुई दिलेली नाही आणि बीज खराब निघालं तर व्यवहार रद्द. जो हे लिहून देत नाही, त्याचं जनावर कितीही देखणं असलं तरी दावं सोडून पुढे चला.