कथेचा सातबारा आपल्याच नावावर राहू द्या

गावोगावी आता कथा-कादंबऱ्या लिहिणारी मंडळी दिसू लागली आहेत. कुणी दूध डेअरीवर नोंदी ठेवणारा तरुण आहे, कुणी अंगणवाडी सेविका, तर कुणी बी. ए. होऊन शेतीत राबणारी सून. मोबाईलवर देवनागरीत टाईप करायचं आणि रोज एक भाग या हिशेबाने कादंबरी ॲपवर टाकायची, असा हा उद्योग आहे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं काही शेतकरी बंधूंना वाटेल. पण लिहिलेली गोष्ट हाही मालच आहे. तो पिकवायला रात्री जागवाव्या लागतात, आणि तो कुठल्या बाजारात न्यायचा हे ठरवताना फसगत होण्याची भीतीही तेवढीच असते.

हप्त्याहप्त्याने कादंबरी देणं आपल्याकडे नवीन नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः दिली. कोवळ्या वयात विधवा झालेल्या यमुनेची ती कहाणी. त्याच प्रश्नासाठी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगणे बुद्रुक या खेड्यात नेला. आज पुणे शहरात गेलेलं कर्वेनगर ते हेच. भागाभागाने छापलेली गोष्ट नुसती वेळ घालवायला नसते, एवढं यावरून ध्यानात यावं. दुसरी गोष्ट अशी की, आपटे हे लेखकही होते आणि साप्ताहिकाचे संपादकही. म्हणजे शेत आपलं आणि बाजारही आपलाच. आजच्या लेखकाचं तसं नाही. शेत त्याचं असलं तरी बाजार परक्याचा आहे.

हे बाजार कोणते, ते पाहू. बंगळूरची ‘प्रतिलिपी’ २०१४ साली सुरू झाली. तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येतं, भाग टाकायला पैसे पडत नाहीत आणि वाचकांचे अभिप्राय लगेच मिळतात. मुंबईचं ‘स्टोरीमिरर’ आणि अहमदाबादचं ‘मातृभारती’ ही अशीच ठिकाणं. कॅनडात २००६ मध्ये निघालेलं ‘वॉटपॅड’ जगभर चालतं. ॲमेझॉनच्या ‘किंडल’वर २०१६ पासून मराठी पुस्तक स्वतः प्रकाशित करता येतं, मात्र तिथली रीत पूर्ण पुस्तक विकण्याची. रोजचा भाग टाकायचा असेल तर पहिल्या प्रकारची ॲप बरी आणि कादंबरी पुरी झाल्यावर पुस्तक म्हणून विकायची तर किंडल बरं, असा ढोबळ हिशेब धरावा.

पण बाजार निवडताना बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात, वाचक किती? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, लिहिलेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा राहणार?

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. गोष्ट लिहून झाली की हक्क आपोआप लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे, आणि वाद झाला तर ती पुराव्याला उपयोगी पडते. हा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे नातवंडांच्याही कामाचा आहे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून हक्क कायमचा जातो तो ‘कायमचा’ असं लिहिलेल्या कागदावर सही केल्यामुळे.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. जमीन वर्षभर खंडाने देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं. ॲपला गोष्ट दाखवायची परवानगी देणं हा खंड झाला. ‘ऑडिओ, चित्रपट, भाषांतर यांसह सर्व हक्क कंपनीकडे’ हे खरेदीखत झालं. चार पैसे आगाऊ मिळतात म्हणून खरेदीखतावर अंगठा उठवणारे आपण पाहिलेत. गोष्टीच्या बाबतीत तसं होऊ नये.

दुसरी अट पाहायची ती एकाच ठिकाणी बांधून घेण्याची. किंडलचंच घ्या. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक नव्वद दिवसांच्या योजनेत घालावं लागतं, आणि तेवढे दिवस ते पुस्तक इंटरनेटवर दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. योजनेत नाही गेलात तर पस्तीस टक्के. मग ज्याची कादंबरी आधीच दुसऱ्या ॲपवर फुकट वाचायला पडली आहे, त्याने काय करायचं? एक तर ती तिथून काढायची, नाहीतर पस्तीस टक्क्यांवर समाधान मानायचं. हा हिशेब पहिला भाग टाकण्याआधीच करावा.

तिसरं, बाजार बंद पडतो हेही धरून चालावं. ॲमेझॉनने अमेरिकेत २०२१ साली खास क्रमशः कथांसाठी ‘किंडल वेला’ काढलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केलं. त्याच कंपनीने आपल्याकडची ‘वेस्टलँड’ ही प्रकाशनसंस्था २०२२ मध्ये बंद केली, पुढे तिच्या मंडळींना प्रतिलिपीची साथ मिळाली. वॉटपॅड २०२१ साली दक्षिण कोरियाच्या ‘नेव्हर’ कंपनीने विकत घेतलं. मालक बदलला की नियम बदलू शकतात. म्हणून प्रत्येक भागाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. बियाणं घेतलं की पावती, पिशवी आणि टॅग जपून ठेवा, असं आम्ही विस्तार खात्याची माणसं सांगत असतो. तसंच ज्या दिवशी ‘मान्य आहे’ वर बोट ठेवलं, त्या दिवशीच्या अटींचा फोटोही काढून ठेवावा.

यावर काही जण म्हणतील, ‘साहेब, आधी कुणी वाचू तर दे, हक्काचं मग बघू.’ यात तथ्य नाही असं नाही. नव्या लेखकाला वाचक हाच पहिला मोबदला असतो आणि अभिप्रायांमुळे हात सुधारतो. पण म्हणूनच सुरुवात अशा ठिकाणी करावी, जिथे पैसे भरावे लागत नाहीत, हक्क लेखकाकडे राहतो आणि गोष्ट हवी तेव्हा काढून घेता येते. वाचक जमल्यावर मोठा करार आला तर तो शांतपणे वाचता येतो. नावाजलेल्या लेखकालाच हक्क सांभाळणं परवडतं, हा समज चुकीचा आहे. हक्क सांभाळला तर नाव झाल्यावर त्याचा पैसा होतो.

पैशाबद्दल एवढंच सांगतो की वाचकसंख्या म्हणजे उत्पन्न नव्हे. पैसे कशावर मिळतात, वर्गणीवर की विक्रीवर, किती रक्कम जमल्यावर खात्यात येतात, हे विचारून घ्यावं. ‘पैसे भरा, तुमची कादंबरी गाजवून देतो’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही यात करण्यासारखं आहे. गावात वाचनालय असेल तर लिहिणाऱ्या मुलामुलींना तिथे बसायला जागा द्यावी. करार इंग्रजीत आला तर तालुक्याच्या वकिलाकडून तो मराठीत समजावून घेण्याची सोय करावी. जे ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक स्वतः लिहितात, त्यांनी मोबदला घेण्यापूर्वी आपापले वर्तणूक नियम पाहून कार्यालयात विचारून घ्यावं.

या हंगामात कुणी पहिला भाग टाकणार असेल, तर त्याआधी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: हक्क कुणाचा, किती मुदतीचा, दुसरीकडे देता येईल का, काढून घेता येईल का. चारही उत्तरं सापडेपर्यंत ‘मान्य आहे’ दाबू नये.