खांबांचा जामीनदार कोण?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत, तेव्हा घर बांधणारा मनुष्य स्वतः पायाच्या चरापाशी उभा राहत असे. चुना कसा मळला, दगड कोणत्या खाणीतून आणला, तुळईचे लाकूड पुरते सुकले आहे की नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसे. आजच्या मुंबईकराच्या नशिबी ते भाग्य नाही. आयुष्याची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून तो जे घर घेतो, त्याच्या खांबांत लोखंड किती आणि सिमेंट किती, हे त्याला कधीच दिसावयाचे नसते. त्याच्यापाशी असतात त्या केवळ दोन सह्या : एक वास्तुविशारदाची आणि दुसरी इंजिनिअरची. या सह्यांवर भरवसा ठेवून सारे शहर रात्री निर्धास्त झोपते. म्हणूनच या दोन व्यवसायांच्या ज्या संस्था आहेत, त्यांच्या कार्याकडे त्यांच्या सभासदांप्रमाणेच सामान्य नागरिकांनीही लक्ष द्यावयास हवे, असे आम्हांस वाटते.

अशा संस्थांपैकी एक जुनी व मानाची संस्था याच शहरात जन्मास आली. जे. जे. कलाशाळेत वास्तुविद्या शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली आपले एक मंडळ स्थापन केले व त्याचे पहिले अध्यक्षपद जॉर्ज विटेट यांनी स्वीकारले. ‘गेट वे ऑफ इंडिया’ ज्यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला, तेच हे विटेट. १९२२ साली या मंडळाची ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाली आणि १९२९ साली तिनेच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे अखिल भारतीय रूप धारण केले. इंजिनिअरांची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनिअर्स’ ही संस्था १९२० सालची. तिचे मुख्य ठाणे कलकत्त्यास असले तरी महाराष्ट्रातही तिचे केंद्र आहे. दोन्ही संस्थांनी शंभरी ओलांडली आहे.

परंतु वय हा संस्थेच्या थोरवीचा पुरावा नव्हे. ती कोणाशी बोलते, यावरून तिची पारख होते. वास्तुविशारदांच्या या संस्थेने १९३७ साली मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ या विषयावर प्रदर्शन भरविले. घरात उजेड आणि वारा कसा खेळवावा, थोड्या जागेत स्वयंपाकघर कसे मांडावे, हे त्या प्रदर्शनात सामान्य गृहस्थ आणि गृहिणी यांना समजेल अशा रीतीने दाखविले होते. आपली विद्या नागरिकांच्या दारी नेण्याची ती रीत होती. पुढे १९६५ साली चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे इंजिनिअर, या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना ‘मार्ग’ नियतकालिकातून लोकांपुढे मांडली. कोणी गिऱ्हाईक त्यांच्याकडे आला नव्हता. शहराच्या चिंतेने ते आपण होऊन बोलले. त्यातूनच पुढे १९७० साली ‘सिडको’ची स्थापना होऊन नवी मुंबई उभी राहिली. जाणत्यांनी योग्य वेळी तोंड उघडले म्हणजे काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्यासमोर नाही.

आज मात्र असे बोलणे क्वचितच ऐकू येते, आणि नेमके आजच ते हवे आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावरील फेरफारात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पूल पडला. त्या पुलाची तपासणी आधीच झाली होती आणि किरकोळ दुरुस्ती तेवढी पुरे, असा अहवालही होता. अशा प्रसंगी चौकशी समिती नेमली जाते, अटका होतात, नुकसानभरपाई जाहीर होते. पण नेमके काय चुकले आणि आपल्या इमारतीत ते चुकू नये म्हणून काय पाहावे, हे सोप्या मराठीत नागरिकांस सांगावयास कोण पुढे येतो?

याहूनही गंभीर एक गोष्ट आहे. तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी करून घेणे महापालिकेच्या कायद्याने रहिवाशांवर बंधनकारक आहे. तेव्हा व्हावयाचे ते असे : पुनर्विकासास उत्सुक असलेला मालक जो तज्ज्ञ आणतो, त्याला इमारत अतिधोकादायक दिसते, घर सोडण्यास न धजणारे भाडेकरू जो आणतात, त्याला तीच इमारत दुरुस्तीने टिकेलशी दिसते. खांब तेच, भेगा त्याच, आणि शास्त्र मात्र दोन! परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करण्यासाठी महापालिकेस तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते, हीच या व्यवसायांच्या पतीवरील टीका आहे. प्रत्येक मतभेदामागे लबाडी असते असे आमचे म्हणणे नाही. वैद्यांतही मतभेद होतात. परंतु मत जर फी देणाराच्या सोयीप्रमाणे वळू लागले, तर उद्या खरा धोका सांगणारावरही कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्याची किंमत झोपलेल्या कुटुंबांना मोजावी लागेल.

यावर संस्थांकडून उत्तर येईल की, आमच्या हाती अधिकार नाहीत. ते अंशतः खरे आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ साली कायदा झाला व नोंदणीची परिषद आली; पण तो कायदा व्यवसायाच्या नावाचे रक्षण करतो, कामाचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. इंजिनिअरांसाठी तर असा देशव्यापी नोंदणीचा कायदाच नाही. ज्याच्या गणितावर खांब उभा, त्याची नोंद स्थानिक परवान्यावर भागते! हा कायदा व्हावा, अशी मागणी या संस्थांनी एकमुखाने करावयास हवी. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. सभासदाला संस्थेतून वगळण्यास संसदेची परवानगी लागत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी आजच करता येतील. वास्तुविशारद व इंजिनिअर यांच्या संस्थांनी मिळून अनुभवी सभासदांचे एक मंडळ नेमावे आणि वादग्रस्त अहवालांची फेरतपासणी ठराविक फी घेऊन करून द्यावी. तपासनीस कोण, हे मालकानेही ठरवू नये आणि भाडेकरूंनीही ठरवू नये. प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर, न्यायालयीन कामात ढवळाढवळ न करता, तिची तांत्रिक कारणे मराठीतून प्रसिद्ध करावीत. आणि खोटा अहवाल देणारा सभासद सिद्ध दोषी ठरल्यास त्याचे नाव यादीतून काढून तसे जाहीर करावे. व्यवसायबंधूंविरुद्ध बोलणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण प्रामाणिक सभासदांची अब्रू राखण्यास दुसरा मार्ग नाही.

यंदाच्या पावसाळ्याआधीही धोकादायक इमारतींच्या याद्या निघतील. त्या यादीत आपले घर का आले, किंवा का आले नाही, असे विचारणाऱ्या नागरिकाने कोणाच्या दारी जावे? शंभर वर्षांच्या संस्थांनी ते दार आपले असल्याचे सांगावे, एवढीच आमची मागणी आहे.