सादाकोचे क्रौंच अपुरे नव्हते

१/ कागदाचे हजार क्रौंच घडविणाऱ्याची इच्छा फलद्रूप होते, ही जपानी श्रद्धा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात ती औषधांच्या वेष्टनांचेही क्रौंच घडवीत राहिली.

२/ एलिनॉर कोअर यांच्या १९७७ च्या बालकादंबरीत ती ६४४ वर थांबते. वस्तुतः तिने हजारांचा टप्पा ओलांडला होता, असे तिचे बंधू आणि हिरोशिमाचे शांती स्मारक संग्रहालय सांगतात. तरीही २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या १२ व्या वर्षी ती गेली.

३/ हा फरक क्षुल्लक नव्हे. अपुरा आकडा मृत्यूचे खापर नकळत अपूर्ण संकल्पावर फोडतो. पूर्ण झालेला हजार मात्र थेट बाँबकडे बोट दाखवतो.